नववीतल्या मुलांवर शिक्का मारू नका

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतली ‘तुमच्या मुलाला व्यक्तिमत्त्व विकार आहे का?’ ही दहा प्रश्नांची चाचणी वाचून संताप आला. सोमवारी माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई तेच कात्रण घेऊन शाळेत आली. सात प्रश्नांपुढे लाल शाईने खुणा केलेल्या. ‘बाई, हा बॉर्डरलाइनच ना?’ असे तिने विचारले, तेव्हा मुलगा दारातच मान खाली घालून उभा होता.

चटकन राग येणे, मैत्री तुटली की आकांडतांडव करणे, घडीघडी मन बदलणे ही चौदाव्या वर्षी सरसकट दिसणारी लक्षणे आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या शेकडो मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. व्यक्तिमत्त्व विकारांची लक्षणे पौगंडावस्थेपासून तारुण्यात येईपर्यंत सरासरी २८ टक्क्यांनी घटली होती. हा २८चा आकडा तुमच्या चाचणीत कुठे आहे? अठराच्या आतल्या मुलात लक्षणे किमान वर्षभर टिकल्याशिवाय निदान करू नये, असे डॉक्टर वापरतात ती निदानपुस्तिकाच सांगते. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान तर अठराव्या वर्षाआधी करताच येत नाही. तुम्ही ते दहा प्रश्नांत उरकलेत!

याचा अर्थ दुर्लक्ष करावे असा नाही. ज्यांचा त्रास या वयात तीव्र असतो, त्यांच्यातल्या अनेकांना तो पुढेही होतो. त्यांना वेळेवर मदत मिळालीच पाहिजे. पण तीही आशेने. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात दाखल झालेल्या बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या रुग्णांपैकी ९३ टक्के जणांची लक्षणे दहा वर्षांच्या काळात किमान दोन वर्षे निदानाच्या निकषांखाली राहिली. ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.

सरकारलाही विचारायचे आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती, महाराष्ट्र नव्हता. त्यात आमच्या शाळेत समुपदेशकही नाही. ते काम वर्गशिक्षकच तास संपल्यावर व्हरांड्यात उभ्याने करतात. अशा वेळी घाबरलेल्या पालकांनी वर्तमानपत्रावरच विसंबायचे का?

ती चाचणी मागे घ्या आणि येत्या रविवारी त्याच जागेवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ठळक छापा. पालकांनो, निदान डॉक्टरांवर सोडा. तुम्ही मुलांचे ऐकून घ्या.

– एक माध्यमिक शिक्षिका, सातारा