मोजायची पात्रता की वर्षे?

परदेशात शिकून आलेल्या औषधतज्ज्ञाला तपासून घेतल्यावाचून औषधांच्या दुकानात उभे करू नये, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मात्रेतील दशांशचिन्ह एक घर सरकले तरी रोग्याच्या जिवावर बेतते. देशोदेशी औषधांची व्यापारी नावे निराळी, कायदेही निराळे. तेव्हा नोंदणीचा आग्रह योग्यच. वाद आहे तो नेमके तपासायचे काय, याबद्दल.

अमेरिकेचे उदाहरण आपल्याकडील अनेक घरांना चटका लावून गेले आहे. तेथील राज्यांच्या फार्मसी मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने परदेशी पदवीधरांसाठी अशी अट घातली, की १ जानेवारी २००३ रोजी वा त्यानंतर पदवी घेतलेल्याचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असला पाहिजे. आपली बी.फार्म. चार वर्षांची. परिणाम असा झाला, की मुंबई-पुण्याच्या एकाच महाविद्यालयात, त्याच प्राध्यापकांच्या हाताखाली शिकून २००२ मध्ये बाहेर पडलेला विद्यार्थी परीक्षेला बसण्यास योग्य, आणि पुढच्या वर्षी तीच पदवी घेणारा त्याचा धाकटा भाऊ अयोग्य! अमेरिकेने आपल्या विद्यार्थ्यांचाही अभ्यासक्रम वाढवला होता, हे मान्य. बाहेरच्यांकडून अधिक अपेक्षा ठेवण्यात अन्याय नाही. त्यासाठी परीक्षा हवी तेवढी कठीण करावी. परंतु परीक्षेला बसूच न देणे म्हणजे विद्या न पाहता दिनदर्शिका पाहणे होय.

शेजारच्या कॅनडाने दुसरी वाट धरली. तेथील परीक्षा मंडळ आधी कागदपत्रे पाहते, मग मूल्यमापन परीक्षा घेते आणि त्यानंतर पात्रता परीक्षा. तिच्या एका भागात उमेदवाराला रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसासमोर बसवून तो काय विचारतो, काय समजावून सांगतो, हे पाहिले जाते. ही वाट स्वस्त नाही, लवकर संपणारीही नाही. तरीही येथे अनुत्तीर्ण होणारा निदान आपल्या उणिवेमुळे अनुत्तीर्ण होतो. ऑन्टारियो प्रांताने तर २००६ मध्ये कायदा करून व्यवसायांच्या नोंदणीतील न्याय्यतेवर देखरेख ठेवणारा आयुक्तच नेमण्याची तरतूद केली.

आणि आपण? आपला १९४८ चा फार्मसी कायदा परदेशी पदवीला मान्यता देताना पुरेसे ज्ञान व कौशल्य यांची हमी मिळते का, असे विचारतो. कसोटी शहाणपणाची आहे. पण तीच कसोटी घरच्या पदवीधराला कितपत लावली जाते? पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्वीची निर्गम परीक्षा असावी, असा नियम येण्यास २०२२ साल उजाडावे लागले. २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या आकर्षणात अमेरिकेची पाच वर्षांची अट किती आणि येथील रुग्णालयांची गरज किती, हे ज्याने त्याने मनाशी ताडून पाहावे.

त्याहून अडचणीची गोष्ट भिंतीवर टांगलेली असते. प्रमाणपत्र एकाचे, गल्ल्यावर बसलेला दुसराच, आणि ज्याचे प्रमाणपत्र त्याला दरमहा ठरावीक रक्कम पोहोचती होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधतज्ज्ञानेच द्यावे, असे कायद्याचे बेचाळिसावे कलम स्पष्ट सांगते. तरीही भाड्याने दिलेल्या प्रमाणपत्रांचा हा व्यवहार गावोगाव सर्वांना ठाऊक आहे. परदेशातील एखाद्या मंडळाने आपल्या नोंदणीवर भरवसा का ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही.

परस्पर मान्यतेची बोलणी सरकारने जरूर करावीत, आणि त्यांत वर्षांच्या अटीऐवजी परीक्षेचाच आग्रह धरावा. मात्र राज्य परिषदांना निरीक्षक नेमण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. बोलणी सुरू होण्यापूर्वी त्या निरीक्षकांनी तालुक्याच्या गावी, भर दुपारी, दुकानात जाऊन भिंतीवरचे नाव आणि गल्ल्यावरचा माणूस एकच आहे का, एवढे पाहून घ्यावे.