कॉलेजच्या आवारातली शस्त्रबंदी सगळ्यांना सारखी हवी

हॉस्टेलच्या नियमावलीत शस्त्रांविषयी बहुतेक वेळा एकच ओळ असते: शस्त्र बाळगणाऱ्यावर कडक कारवाई केली जाईल. मी ज्या हॉस्टेलमध्ये तीन वर्षे राहिलो तिथे ही ओळ चौदाव्या क्रमांकावर होती, खोलीत हीटर वापरू नये या नियमाच्या खाली. शस्त्र कशाला म्हणायचे, तपासणी कोण करणार, कोणाची करणार, काही सापडले तर पुढे काय, याबद्दल अवाक्षर नव्हते. हीटरचा दंड मात्र रुपयांत लिहिलेला होता.

अशा एका ओळीचा अर्थ शेवटी गेटवर उभा असलेला माणूस ठरवतो. सण-मिरवणुकांच्या दिवसांत आमच्या गेटवर दाढी-टोपीवाल्या मुलांच्या सॅका उघडल्या जात. त्याच गेटमधून स्थानिक पुढाऱ्याच्या पुतण्याची काळ्या काचांची गाडी सलाम घेत आत जाई. गाडीत काय असायचे हे कोणालाच माहीत नव्हते, कारण ती कधी उघडलीच गेली नाही. तुमच्यापैकी अनेकांनी असे गेट पाहिले असेल.

म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. विद्यापीठाच्या आवारात शस्त्रबंदी असलीच पाहिजे, ती पूर्ण असली पाहिजे, आणि विद्यार्थी, बाहेरचा पाहुणा, पुढारी व त्याचे अंगरक्षक, सगळ्यांना ती सारखी लागू झाली पाहिजे. आणि ही मागणी आपण मुस्लिम तरुणांनी सर्वांत पुढे होऊन केली पाहिजे.

आधी कायदा पाहू. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठीची सवलत सोडली तर एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय परवानाही मिळत नाही. म्हणजे पदवीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचा बंदुकीशी कायदेशीर संबंध येऊच शकत नाही. त्यांच्यापैकी कोणाकडे गावठी कट्टा निघाला तर तो सरळ गुन्हा आहे.

गोंधळ आहे तो धारदार हत्यारांचा. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. घरकाम, शेती, प्रयोगशाळा आणि उद्योगासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. आता कोयता घ्या. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या घरी कोयता म्हणजे भाकरी. तोच कोयता पुण्यातल्या कॉलेजबाहेर दुचाकीवर मागे बसलेल्याच्या हातात असला तर दहशत. उलट सहा इंचांचा रामपुरी त्या मापात बसत नाही, पण हॉस्टेलच्या जिन्यात माणूस मारायला तो पुरतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यांत काठीपासून तलवारीपर्यंत सगळे येते, पण ते ठरावीक मुदतीचे असतात. ही फट कॉलेजच्या स्वतःच्या नियमानेच बुजवायला हवी.

आता आपल्याच खोलीत ऐकू येणाऱ्या युक्तिवादाकडे येऊ. "भाई, वातावरण बघतोस ना? गादीखाली काहीतरी ठेव. वेळ आली तर कामाला येईल." हे सांगणारा सीनियर वाईट मनाचा नसतो. त्याची भीती खरी आहे. जमावाने माणसे मारल्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी फोनवर पाहिले आहेत. पण त्याचा सल्ला चुकीचा आहे.

समजा गादीखाली सुरा ठेवला. वीस-पंचवीस जणांचा जमाव दारात आला तर त्या सुऱ्याने काय होणार? जमाव आलाच नाही आणि रेक्टरने खोली तपासली, तर काय होणार हे मात्र आपल्याला नक्की माहीत आहे. दुसऱ्या कोणाच्या खोलीत सुरा निघाला तर "पोरांची भांडणे" म्हणून मिटेल. तुमच्या खोलीत निघाला तर संध्याकाळच्या बातम्यांत फोटो येईल, तुमच्या मोहल्ल्याचे नाव येईल, आणि कुठल्या संघटनेशी संबंध आहे याची चौकशी सुरू होईल. अम्मी-अब्बू वकिलांच्या पायऱ्या झिजवतील. परीक्षेचे वर्ष जाईल. आपल्या नावाच्या मुलाच्या हातातले हत्यार स्वसंरक्षणासाठी होते यावर आज कोणी विश्वास ठेवत नाही. हे अन्यायाचे आहे, आणि या अन्यायाशी लढायचेच आहे. पण गादीखालचा सुरा त्या लढाईत आपल्याच विरुद्धचा पुरावा ठरतो.

चांगल्या मुलांच्या हातात शस्त्र दिले तर वाईट माणूस घाबरेल, हा युक्तिवाद अमेरिकेने कायदा करून अमलात आणला आहे. आपल्यातले अनेक जण टेक्सासला एम.एस. करायला जातात, त्यांना हे माहीत असेल. तिथल्या सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला कपड्यांखाली पिस्तूल लपवून इमारतींत नेण्याची मुभा देणारा कायदा १ ऑगस्ट २०१६ ला लागू झाला. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ ला, ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका माजी सैनिकाने खाली चालणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्याच कायद्याने खासगी विद्यापीठांना नकार देण्याची सोय ठेवली, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी नकार दिला. आणि परवाना म्हणजे सज्जनपणाचा दाखला नसतो. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांना मारणाऱ्या विद्यार्थ्याने आपली दोन्ही पिस्तुले पैसे मोजून रीतसर विकत घेतली होती.

आपल्याकडचे उदाहरण जास्त बोलके आहे. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत एका तरुणाने भर रस्त्यात मुलीवर कोयत्याने हल्ला केला. तिला वाचवले ते स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी. त्यांच्या हातात काहीही नव्हते. उगारलेला कोयता त्यांनी धरला आणि हल्लेखोराला अडवले. त्यांच्याकडेही कोयते असते, तर त्या गर्दीत पोलिसांनी कोणाला हल्लेखोर समजायचे आणि कोणाला वाचवणारा?

पण शस्त्रबंदीची ही बाजू एवढ्यावर सोडली तर ती अर्धीच राहते, कारण गेल्या काही वर्षांत विद्यापीठांत जे मोठे हिंसाचार झाले, त्यांत शस्त्र विद्यार्थ्याच्या गादीखालून आले नव्हते. १५ डिसेंबर २०१९ ला दिल्ली पोलीस जामिया मिलियाच्या ग्रंथालयात लाठ्या आणि अश्रुधूर घेऊन शिरले. ५ जानेवारी २०२० ला तोंडे झाकलेले लोक सळ्या आणि दांडकी घेऊन जेएनयूच्या हॉस्टेलांत घुसले. विद्यार्थी आणि शिक्षक जखमी झाले. ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, राजघाटाकडे निघालेल्या जामियाच्या विद्यार्थ्यांसमोर एक बाहेरचा मुलगा पिस्तूल परजत आला आणि त्याने गोळी झाडली. एका विद्यार्थ्याच्या हाताला ती लागली. पोलिसांची रांग त्याच्या मागेच उभी होती.

या तिन्ही घटनांत विद्यार्थ्यांच्या सॅका तपासून काय उपयोग झाला असता? नियम फक्त आत राहणाऱ्याला बांधतो आणि बाहेरून येणाऱ्याला वाट देतो, तेव्हा तो नियम निःशस्त्राला आणखी एकटे पाडतो. पोलिसांना आवारात यायला कुलगुरूंची परवानगी लागते असा एक समज आहे. कायद्यात तशी अट नाही. तो पाळला तर पाळला असा संकेत आहे. म्हणूनच तो कागदावर आणण्याची गरज आहे.

आणि सत्तेला हा प्रश्न सोडवायला सांगितला की ती काय करते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८९ मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर काही वर्षांत राज्यात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुकाच बंद केल्या गेल्या. हत्यार काढून घ्यायचे होते, काढून घेतली मतपेटी. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, पण मधल्या दोन पिढ्या मतदान न करताच पदवी घेऊन बाहेर पडल्या. सुरक्षेच्या नावाखाली आपला हक्क जातोय का, हे प्रत्येक वेळी तपासायचे ते यासाठी.

मग करायचे काय? नवे काही शोधण्याची गरज नाही. रॅगिंगसाठी जे केले तेच करा. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये नियम आणले: विद्यार्थी आणि पालक दोघांचे प्रतिज्ञापत्र, समिती, पथक, हेल्पलाइन, आणि माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत पोलिसांत फिर्याद. रॅगिंग संपलेले नाही, पण आज कोणी प्राचार्य "आम्हाला कल्पनाच नव्हती" असे सहज म्हणू शकत नाही. शस्त्रांबाबतही असाच लेखी नियम हवा. त्यात किमान एवढे असावे:

१. शस्त्र म्हणजे काय याची यादी, आणि सवलतींचीही यादी: एनसीसीच्या रायफली, नेमबाजी क्लबची साधने, कार्यशाळा आणि कृषी विभागाची अवजारे, संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने मान्य केलेले शीख विद्यार्थ्यांचे कृपाण.

२. गेटवर तपासणी करायची तर सगळ्यांची, पुढाऱ्याच्या गाडीसकट. मुलींची तपासणी महिला कर्मचाऱ्यानेच करावी.

३. हॉस्टेलची खोली तपासताना विद्यार्थी प्रतिनिधी हजर हवा, आणि जे सापडले त्याचा पंचनामा तिथल्या तिथे व्हावा.

४. कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांचे खासगी अंगरक्षक शस्त्र बाहेर ठेवूनच आत येतील.

५. एखाद्याचा जीव धोक्यात असल्याशिवाय पोलीस प्रमुखांच्या लेखी विनंतीनेच आत येतील, आणि त्या विनंतीची प्रत विद्यार्थ्यांना मिळेल.

ही मागणी करणाऱ्याचे हात मात्र स्वच्छ हवेत. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून रील टाकण्याचे खूळ आपल्याही मोहल्ल्यांत आहे. पोलिसांनी गुन्हा नोंदवला की "फक्त आपल्याच पोरांवर का?" असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर तलवार म्यान करण्यातून सुरू होते. दसऱ्याच्या मिरवणुकीतली तलवार कॉलेजच्या गेटबाहेर थांबली पाहिजे असे आपण म्हणणार असू, तर मोहरमच्या मिरवणुकीतली तलवारही तिथेच थांबली पाहिजे.

यात आपल्या दीनच्या विरुद्ध काही नाही. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे. भावावर चेष्टेतही हत्यार रोखू नये अशीही आहे. चौदाशे वर्षांपूर्वी सार्वजनिक जागेसाठी सांगितलेला हा नियम आहे: हत्यार ज्याच्याकडे आहे, इतरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याची. मशीद आणि बाजाराला जे लागू, ते वर्गाला आणि ग्रंथालयाला का नको?

आपल्याकडे सत्ता नाही, पैसा थोडा आहे, संख्या विखुरलेली आहे. शिक्षण, मत, अर्ज, न्यायालय आणि शांततेचा मोर्चा, एवढीच आपली साधने आहेत. ही सगळी साधने शस्त्र नसलेल्या जागेतच चालतात. पिस्तूल समोर आले की सभा संपते, दांडके आले की वाचनालय बंद होते, आणि सर्वांत आधी घरी बोलावले जाते ते आपल्या बहिणींना. "असल्या कॉलेजात पाठवायचे नाही" हे वाक्य किती मुलींचे शिक्षण थांबवते हे आपण आपल्या घरांत पाहतो.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. आपल्या कॉलेजची नियमावली मिळवा. शस्त्रांविषयीची ओळ शोधा. ती एकच ओळ असेल तर वर्गातल्या वेगवेगळ्या जातिधर्मांच्या निदान दहा जणांच्या सह्या घेऊन प्राचार्यांना अर्ज द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर दुसरा अर्ज द्या, या वेळी पन्नास सह्यांचा.