दैवतकथांचा उगम: खंडन आणि मंडन

दैवतकथा म्हणजे भाषेला जडलेली व्याधी होय, असा सिद्धांत मॅक्स म्युलरने 1856 साली मांडला. आणि उषा, सूर्य व अंधकार यांच्या नित्य व्यापाराला आदिमानवाने लावलेल्या विशेषणांचा मूळ अर्थ लोपून त्यांचेच पुढे देव बनले, हे त्याचे प्रतिपादन पंडितांनी इतक्या श्रद्धेने शिरोधार्य मानले की, कोठेही वीराने राक्षस मारला की त्यांना तेथे सूर्योदयच दिसू लागला. डब्लिनच्या एका नियतकालिकात 1870 साली लिटलडेल नावाच्या धर्मोपदेशकाने हीच रीत चालवून खुद्द म्युलर हाच सूर्य असल्याचे सिद्ध केले; त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

आमचे सुधारक सूर्याला सोडून भटाला धरतात: कथा म्हणजे पुरोहिताने पोटासाठी रचलेला बनाव. परंतु बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा, ज्याला ना मंत्र ना माहात्म्य, तो कोणत्या पुरोहिताने घडविला? पुरोहिताला देव आयता मिळतो. तो फार तर त्याला संस्कृत पोशाख चढवितो.

दामोदर कोसंबी यांनी पुण्याभोवतीची देवस्थाने पायी हिंडून तपासली आणि 1962 च्या आपल्या ग्रंथात म्हसोबाचे नाते महिषासुराशी जोडले. पुराणात देवी ज्याला मारते, त्याच्याच कुळीच्या म्हस्कोबाचे वीर गावी माघात जोगूबाईशी लग्न लागते! कंदमुळे वेचणाऱ्यांची माता आणि गुराख्यांचा देव हे समूहांच्या कलहात एकमेकांचे वैरी झाले, समूह एकत्र नांदू लागताच दंपती झाले, ही त्यांची उपपत्ती मला ग्राह्य वाटते. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या मत्स्यकथेला हे माप लागणार नाही, आणि लावूही नये. जेजुरीला मात्र ते तंतोतंत बसते. मल्हारी माहात्म्यात मणि-मल्लांचा वध आहे, पण बाणाईचा संसार धनगरांच्या ओव्यांत आणि वाघ्या-मुरळीच्या गाण्यांतच सविस्तर ऐकावा लागतो. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. सवतींचे पटेना, म्हणून एकीचे ठाणे गडावर देवाजवळ, दुसरीचे अर्ध्या डोंगरावर. एकाच देवावर दोन जमातींची वहिवाट सांगणारा याहून तपशीलवार तहनामा कोणत्याही दप्तरात सापडणे कठीण.

यावर आक्षेप येतो की, असे म्हटल्याने भक्तीचा केवळ उदरनिर्वाहाचा हिशेब होतो. तसे होत नाही. तह ज्याच्या साक्षीने व्हावयाचा, त्या देवावर उभयतांची निष्ठा आधीच असावी लागते. आणि बाणाई दुसरेपणाची म्हणून धनगराला कमीपणा वाटत नाही, उलट आपली लेक देवाघरी नांदते या अभिमानाने तो भंडारा उधळतो.