काढ आणि परत टाक?

टर्मिनलवर 'मायएसक्यूएल' टाईप केलं आणि 'कमांड नॉट फाउंड' आलं, की आमच्याकडचे क्लासवाले एकच उपचार सांगतात: काढ आणि परत टाक. वाकोल्यातली पोरं दोनदा काढून-टाकून, मोबाइलचा दिवसाचा डेटा संपवून मग लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. या सल्ल्याला मी शिकवणं म्हणत नाही. ही पळवाट आहे.

तो संदेश डेटाबेसचा नसतोच. बोलत असतं ते शेल. तुम्ही दिलेला शब्द घेऊन शेल अख्खा संगणक धुंडाळत नाही. त्याच्याकडे 'पाथ' नावाची फोल्डरांची यादी असते, तेवढ्यातच ते क्रमाने डोकावतं. नवखा कुरियरवाला वाकोला मशिदीजवळच्या चार गल्ल्या फिरतो आणि 'असं कोणी राहत नाही' म्हणून पार्सल परत नेतो, तसंच हे. तुम्ही तर घरातच असता. पार्सल परत गेलं म्हणून कोणी घर पाडून पुन्हा बांधतं का?

मॅकवर मायएसक्यूएलचा अधिकृत इन्स्टॉलर प्रोग्राम ठेवतो 'यूएसआर'मधल्या 'लोकल'मधल्या 'मायएसक्यूएल'च्या 'बिन' फोल्डरात, आणि हा पत्ता यादीत स्वतःहून लिहीत नाही. परत टाकलंत तरी तिथेच जाणार. त्यापेक्षा पूर्ण पत्ता देऊन प्रोग्राम चालवून बघा. चालला, तर फक्त पाथ दुरुस्त करायचाय. (सर्व्हर बंद असेल तर 'कनेक्ट होत नाही' अशी वेगळी तक्रार येते. तीही नीट वाचा.)

कुठूनतरी चिकटवलेली ओळसुद्धा फसते. 2019 च्या कॅटालिनापासून मॅकचं नेहमीचं शेल बॅश नाही, झेडएसएच आहे. जुन्या उत्तरांतली 'बॅश प्रोफाइल' फाइल ते वाचतच नाही. ओळ 'झेडएसएचआरसी'मध्ये लिहा आणि नवी खिडकी उघडा. त्या ओळीत जुना पाथ जोडायचा राहिला, तर साधं 'एलएस'ही सापडेनासं होतं.

व्हायवाच्या आदल्या रात्री असं झालं की पोरं क्लासला दोष देत नाहीत. 'माझं इंग्लिश कच्चं, हे आपलं काम नाही,' म्हणतात. मराठी माध्यमातून आलेली तर जास्तच. चूक इंग्रजीची नसते, आणि त्यांची तर नसतेच.

'पाथ सिलॅबसमध्ये नाही,' हे क्लासचं ठरलेलं उत्तर. नॉर्मलायझेशनला तीन लेक्चर देता, मग डेटाबेसचं दार उघडायला वीस मिनिटं का नाहीत? फी भरली असेल तर पुढच्या लेक्चरला हात वर करा आणि विचारा: सर, 'इको डॉलर पाथ' लिहिल्यावर जे दिसतं, ते काय आहे?