झाडाला सलाईन लावण्याआधी बुडाशी बघा



परवा डोंबिवलीत मेहुण्यांच्या सोसायटीत गेलो होतो. गेटजवळच्या पर्जन्यवृक्षाला एकजण ड्रिलने भोकं पाडत होता. बारा भोकं, प्रत्येकात नळी. "काका, झाडाला सलाईन लावतोय, मिलीबग खल्लास!" औषध कुठलं विचारलं, तर नाव सांगता येईना. मग खाली बघितलं. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडलेले, बोटभर माती मोकळी नाही.

स्पष्ट बोलतो. इंजेक्शनला माझा विरोध नाही. फवारा पोचत नाही तिथवर औषध जातं, शेजारच्या खिडकीत उडत नाही. पण औषध चढतं ते झाड पाणी ओढतं म्हणून. मुळंच गुदमरली असतील तर चढणार कसं? शिवाय झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालून तिला आत कोंडतं. दरवर्षी नवी बारा भोकं म्हणजे आत बारा कुजकी कोठारं. आपल्याकडच्या पावसात बुरशीला आणखी काय हवं?

माडाचं तर विचारूच नका. इथे मी स्वतः फसलोय. चार वर्षांपूर्वी एकाच्या बोलण्याला भुलून टिटवाळ्याजवळच्या वाडीतल्या दोन माडांच्या खोडाला भोकं पाडून घेतली. माडाच्या खोडात वाढीचा थर नसतो, त्यामुळे भोक जन्मभर तसंच राहतं. आणि ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. एक माड वर्षाच्या आत गेला. वीस वर्षांचा होता. चूक माझीच, विचारलं नाही.

माडाला औषध मुळातून देतात. इरिओफाईड कोळीसाठी पेन्सिलीएवढं जिवंत मूळ शोधा, तिरका काप द्या, अॅझाडिरॅक्टिन ५ टक्के साडेसात मिली आणि तेवढंच पाणी पिशवीत घालून मुळाला बांधा. खोडाला हात लावायचा नाही. आणि कोपऱ्यातला मोनोक्रोटोफॉसचा जुना डबा काढू नका, ३६ एसएलवर २०२३ च्या आदेशाने बंदी आलीय.

काहीजण म्हणतील, शहरातल्या झाडाशी शेतकऱ्याचं काय? आहे ना! पर्जन्यवृक्षाच्या फुलावर मधमाशी येते. खोडात इमिडाक्लोप्रिड भरलं की ते फुलापर्यंतही जाऊ शकतं. तीच माशी आमच्या काकडी-दुधीवर येते.

अजून एक. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही 'झाड तोडणं' धरलंय. औषधाच्या नावाखाली भोकात काय ओततात, यावर म्हणूनच नजर ठेवा.

ड्रिलवाला दारात आला की तीन प्रश्न विचारा. कीड नेमकी कुठली? औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर देणार का? आणि बुडाशी मीटरभर माती मोकळी आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर ड्रिल परत पाठवा, पहार आणा. आधी ब्लॉक उखडा.

पटत नसेल तर खाली लिहा, भांडू. पण झाडाला भोक पाडण्याआधी.