गावकरी नसलेले गाव

कन्याकुमारीपासून सुमारे १,८०० किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या मध्यभागी, पावलाच्या ठशासारखे दिसणारे एक प्रवाळबेट आहे. दिएगो गार्सिया हे त्याचे नाव. १९९१चे आखाती युद्ध, २००१ची अफगाणिस्तानातील कारवाई, २००३चे इराक युद्ध या प्रत्येक वेळी येथून अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने झेपावली आणि बेटाचे नाव वृत्तपत्रांत झळकले. विमाने परतली की ते विस्मरणात जाते. परंतु या तळाचे खरे स्वरूप समजून घ्यायचे तर धावपट्टीकडे नव्हे, तेथील नित्याच्या जीवनाकडे पाहिले पाहिजे.

वरवर पाहता हे एक नेटके अमेरिकी नगर आहे. भोजनगृहे, दुकान, ग्रंथालय, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, प्रार्थनामंदिर अशी सर्व व्यवस्था तेथे आहे. बेटावर कायदा ब्रिटिशांचा, परंतु व्यवहार डॉलरमध्ये चालतो आणि वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. ब्रिटनची मूठभर माणसे पोलीस आणि जकात सांभाळतात. पिण्याचे पाणी जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या थरातून उपसले जाते. जगण्यास लागणारे बाकी जवळजवळ सारे जहाजाने वा विमानाने येते. स्वयंपाक, साफसफाई, दुरुस्ती ही कामे प्रामुख्याने फिलिपिन्सहून आलेले कंत्राटी कामगार करतात. सैनिकाला पत्नी वा मुले सोबत आणता येत नाहीत. नेमणूक साधारणतः वर्षभराची असते. त्यामुळे या नगरात शाळेची घंटा वाजत नाही, पाळणा हलत नाही आणि नातवंडांना अंगाखांद्यावर खेळवणारे कोणी म्हातारे माणूस दिसत नाही. सुखसोयी आहेत, घर मात्र नाही.

हे बेट पूर्वीपासून असे निर्मनुष्य नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणले; पुढे हिंदुस्थानातूनही मजूर आले. त्यांच्या संमिश्र वंशजांनी खोबऱ्याच्या मळ्यांभोवती वस्ती केली. स्वतःची क्रिओल बोली, चर्च, पूर्वजांच्या कबरी असे त्यांचे परिपूर्ण जग होते. १९६५ मध्ये ब्रिटनने हा चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि १९६६ मध्ये लष्करी तळासाठी अमेरिकेशी करार केला. १९६८ ते १९७३ या काळात तेथील दीड ते दोन हजार रहिवाशांना मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडण्यात आले. त्यांचे पाळीव कुत्रे १९७१ मध्ये विषारी वायूने मारण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदलेल्या या माणसांची सरकारदरबारी नोंद झाली ती ‘तात्पुरते कंत्राटी मजूर’ अशी! तेलघाणे ओढणारी गाढवे मात्र मागे राहिली आणि त्यांची प्रजा बेटावर मोकाट वाढली. जनावरांना जो अधिकार मिळाला, तो त्यांच्या मालकांना नाकारण्यात आला.

राष्ट्राच्या संरक्षणासाठी दूरवर तळ उभारणे यात गैर काही नाही. बलहीन राष्ट्राची नीतिवचने कोणी ऐकत नाही, हा जगाचा अनुभव आहे. प्रश्न तळाचा नाही. तळासाठी माणसे उखडण्याची गरज होती काय, हा आहे. परक्या देशातील कामगारांना तेथे राबता येते, तर भूमिपुत्रांना का नको, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही. २०२१ मध्ये श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची नौका या बेटाच्या आश्रयाला आली. त्यांतील कुटुंबांना, लहान मुलांसह, तीन वर्षांहून अधिक काळ कुंपणाआड तंबूंत काढावा लागला. ही स्थानबद्धता बेकायदेशीर असल्याचा निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये तेथील न्यायालयानेच दिला. मानवाधिकारांचा टेंभा मिरवणाऱ्या महासत्तांच्या दिव्याखालचा हा अंधार आहे.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोसवरील ब्रिटनचा अंमल शक्य तितक्या लवकर संपावा, असे मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. सार्वभौमत्व मॉरिशसकडे, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे कायम आणि मूळ रहिवाशांना वसण्याची मुभा केवळ इतर बेटांवर, अशी त्याची मांडणी आहे. ज्यांचे घर गेले, त्यांना वाटाघाटीत विचारलेच नाही, अशी अनेक चागोसवासीयांची तक्रार आहे. ती रास्त आहे.

भारताने या प्रश्नात सातत्याने मॉरिशसची बाजू घेतली. आज त्याच मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताच्या साहाय्याने धावपट्टी आणि धक्का उभा राहिला असून २९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचे उद्घाटन झाले. हा लष्करी तळ नसल्याचे मॉरिशस सरकार सांगते. तेथेही खोबऱ्याच्या मळ्यांवर वाढलेली सुमारे तीनशे माणसांची वस्ती आहे आणि ‘आमचेही चागोस होईल काय?’ ही शंका तिच्या मनात डोकावते. त्या शंकेला शब्दांनी नव्हे, कृतीने उत्तर द्यावे लागेल. त्या धावपट्टीवरून तेथील रुग्णाला वेळेवर रुग्णालय गाठता आले, धक्क्यावर गावाचे धान्य उतरले, मुलांची शाळा गजबजती राहिली, तर हिंदी महासागरात भारताचे बळ वाढेल आणि विश्वासही. दाराशी जहाजे उभी करणारे पुष्कळ असतात. शेजाऱ्याच्या घरातला दिवा विझणार नाही याची काळजी घेतो, तोच खरा मित्र ठरतो.