बोल्टाला वंशावळ, कापसाला कागद

नोव्हायमधल्या कितीतरी मराठी घरांची चूल मोटारींच्या धंद्यावर पेटते. डेट्रॉईटजवळच्या या गावातल्या अभियंत्याला ब्रेकचा एखादा भाग सदोष निघाला, तर तो कोणत्या कारखान्यात, कोणत्या बॅचमध्ये बनला याचा माग काढता येतो. त्याच घरात बाळासाठी ‘ऑरगॅनिक कॉटन’चं झबलं येतं, तेव्हा मात्र कॉलरमागच्या चिठ्ठीवर सगळ्यांचा विश्वास बसतो.

कापसाची ओळख जिनिंगमध्येच पुसली जाते. सरकी वेगळी होते, रुई निघते आणि अनेक शेतांची रुई एका गाठीत दाबली जाते. ती सेंद्रिय होती, हे पुढे फक्त कागद सांगतो. तो कागदही खोटा निघू शकतो. २०२० मध्ये ‘गॉट्स’ हे सेंद्रिय कापडाचं मानक चालवणाऱ्या संस्थेने भारतात सुमारे २०,००० टन कापसाची बनावट प्रमाणपत्रं पकडली. त्यांवरचे क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेवर नेत होते!

‘फेअर ट्रेड’ चॉकलेटमध्येही पेच आहे. कोकोच्या बाबतीत खरेदी आणि विक्रीच्या वजनाचा हिशेब जुळला की पुरतं. हातातल्या वडीतला कोको ‘फेअर ट्रेड’ शेतकऱ्याचा असेलच असं नाही. तरी शेतकऱ्याला त्या वजनाचे जादा पैसे मिळतात, म्हणून ही सोय अगदीच वाईट म्हणता येणार नाही. ती वेष्टनावर ठळकपणे सांगायला मात्र हवी.

मग मोठ्या कंपन्यांकडे पाठ फिरवायची का? नाही. २००६ मध्ये वॉलमार्ट सेंद्रिय मालात जोमाने उतरलं, २०१७ मध्ये ॲमेझॉनने ‘होल फूड्स’ ही सेंद्रिय मालासाठी ओळखली जाणारी दुकानांची साखळी १३.७ अब्ज डॉलरना घेतली. एवढी मागणी शनिवारच्या शेतकरी बाजारातून उभी राहत नाही.

खरा प्रश्न जोखीम कुणी उचलायची, हा आहे. अमेरिकी नियमानुसार कापणीआधीची तीन वर्षं जमिनीला रासायनिक खत किंवा कीटकनाशक लागता कामा नये. या काळात उतारा अनेकदा घटतो, पण माल अजून ‘सेंद्रिय’ नसल्याने तो साध्या भावानेच विकावा लागतो. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याने ही तीन वर्षं कुणाच्या भरवशावर काढायची? त्या काळातला माल ठरलेल्या भावाने उचलणारी, जिनिंगचं आणि शेतकरी गटाचं नाव जाहीर करणारी कंपनी जादा डॉलरची हक्कदार आहे. जी नुसती हिरवी पट्टी चिकटवते, तिला नोव्हायच्या त्या अभियंत्याने, तो आपल्या सुट्या भागांच्या पुरवठादाराला विचारतो, तेच विचारावं: माल आला कुठून?